नाशिकमध्ये प्रतिपालक व्हायचंय? अर्जापासून दर महिन्याच्या तपासणीपर्यंत

आम्ही पहिल्यांदा चौकशीला गेलो तेव्हा खिडकीवर मी एवढंच म्हणाले होते, "दत्तक नको, पण एखाद्या मुलाला काही काळ घरी सांभाळायचंय." समोरून बाल संगोपन योजनेचा फॉर्म हातात आला. आम्ही तो घरी नेला, भरला, कागद जोडले आणि परत गेलो. तेव्हा कळलं की ती योजनाच वेगळी. यात महिना गेला. पुढेही असे बरेच हेलपाटे झाले, आणि त्यातले निम्मे आधी कुणी सांगितलं असतं तर टळले असते. म्हणून प्रतिपालकत्वाविषयी, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्याविषयी, हे लिहिते आहे.

आमच्याकडे आलेल्या लेकराचं नाव, गाव, वय, मुलगा की मुलगी, यातलं काहीही या लेखात येणार नाही. तसं करणं कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याविषयी पुढे सांगतेच.

१. आधी चार योजना वेगळ्या करून घ्या

लोक सगळ्यालाच "मूल सांभाळायला घेणं" म्हणतात. सरकारदरबारी मात्र ही चार निरनिराळी दारं आहेत.

दत्तक म्हणजे मूल कायमचं तुमचं. नाव, वारसा, सगळं. त्याची नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

बाल संगोपन योजना ही आपल्या राज्याची. आता तिच्या नावापुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आई किंवा वडील गेलेले, एकल पालकाकडे किंवा नातेवाइकाकडे राहणारं मूल, अशांना या योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ आधी ही रक्कम १,१०० होती. तुमच्या गल्लीतली विधवा ताई एकटीनं मुलं वाढवत असेल तर तिला हा फॉर्म नक्की नेऊन द्या. त्यात घरासमोर मूल आणि पालक एकत्र उभे असलेला फोटो मागतात. तो नसला की अर्ज परत येतो, हे तिला आधीच सांगा.

प्रायोजकत्व ही केंद्राच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या योजनेतली मदत, महिन्याला ४,००० रुपये. मूल स्वतःच्या घरीच टिकावं, गरिबीपायी बालगृहात जायची वेळ येऊ नये, हा तिचा हेतू. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं.

चौथं प्रतिपालकत्व, म्हणजेच फॉस्टर केअर. आई-वडील सांभाळू शकत नाहीत, पण मूल दत्तक देण्याजोगंही नाही, कारण आई-वडील हयात आहेत किंवा हक्क सोडलेला नाही. अशा मुलाला बालगृहाऐवजी दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ४४ याच्यासाठी आहे. मुदत एक वर्षाच्या आत असेल तर अल्पकालीन, त्यापुढे दीर्घकालीन. बाल कल्याण समिती (अशा मुलांविषयी आदेश देणारी समिती) आढावा घेऊन ती वाढवत जाते, जास्तीत जास्त मूल १८ वर्षांचं होईपर्यंत.

खिडकीवर जाल तेव्हा "कलम ४४ खालचं प्रतिपालकत्व" असे नेमके शब्द वापरा.

२. मग स्वतःला एक प्रश्न विचारा

हे मूल उद्या परत गेलं तर चालेल का?

यावर घरात सगळ्यांनी बसून बोला. आजी-आजोबा असतील तर त्यांनीही. कलम ४४ मध्येच म्हटलंय की समितीनं नाही म्हटलं नसेल तर आई-वडील मुलाला ठरावीक काळानं भेटू शकतात आणि ते पुन्हा सक्षम ठरले की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. तुमच्या मनात मूल कायमचं हवं असेल तर सरळ दत्तकाच्या रांगेत उभे राहा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण मनात दत्तक ठेवून प्रतिपालकत्वाचा अर्ज करू नका. आईच्या भेटीचा दिवस आला की तुमचा चेहरा उतरतो आणि लेकराला तो वाचता येतो. त्याला मग वाटतं, आईवर माया केली तर इथलं घर तुटेल. एवढ्याशा जिवाला या पेचात टाकणं बरं नाही.

हो, २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत एक वाट आहे. मूल पुढे दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त ठरलं आणि ते तुमच्याकडे किमान दोन वर्षं राहिलेलं असलं, तर दत्तकासाठी तुमचा विचार होतो. आधी ही अट पाच वर्षांची होती. पण मूल मुक्त ठरेलच असं गृहीत धरून बसू नका.

३. पात्रता

सहा वर्षांवरची मुलं साधारणपणे प्रतिपालकत्वात दिली जातात. जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षं स्थिर असावं. २०२४ नंतर एकटी व्यक्तीही, अविवाहित, विधवा, घटस्फोटित, अर्ज करू शकते. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दोन्ही देतात, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. स्वतःची मुलं असली तरी अडत नाही. घर स्वतःचं हवं असंही नाही. आमचं भाड्याचंच आहे. निवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार आणि वीजबिल दिलं.

४. कुठे जायचं

जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालय नाशिक-पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाजवळ समाजकल्याणच्या आवारात आहे. तुमचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी. तिथे संस्थाबाह्य काळजीचं, म्हणजे मुलांना बालगृहाऐवजी कुटुंबात ठेवण्याचं, काम बघणारे संरक्षण अधिकारी असतात, त्यांनाच भेटा. बाल कल्याण समितीची बैठक उंटवाडीच्या निरीक्षणगृहाच्या आवारात भरते. पंचवटीकडून येणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणं एका सकाळीत करायचा प्रयत्न करू नये, आधी फोन करून वेळ घ्यावी. सुरगाणा, पेठ, बागलाण, मालेगावकडच्यांना तर एक हेलपाटा म्हणजे दिवसाची मजुरी बुडणं, त्यांनी फोनशिवाय निघूच नये.

नोंदणी दत्तकाच्याच पोर्टलवर होते, पण प्रतिपालकत्वाचा पर्याय वेगळा असतो. घाईत दत्तकाचा पर्याय दाबला की पुढे सगळं निस्तरत बसावं लागतं.

५. कागदपत्रं

एक पुठ्ठ्याची फाइल करा. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स ठेवा.

• दोघांचं आधार, पॅन, फोटो
• विवाह नोंदणी प्रमाणपत्र. घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू झाला असेल तर त्याचा कागद
• निवासाचा पुरावा, रेशनकार्ड
• उत्पन्नाचा दाखला किंवा आयकर विवरणपत्र
• घरातल्या प्रत्येकाचा वैद्यकीय दाखला. क्षयरोग, कावीळ, एचआयव्ही या तपासण्यांचे अहवालही मागतात. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयातून घेतला तर शंका निघत नाहीत
• पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाइन होतो, पण नंतर आपल्या पोलिस ठाण्यात जावं लागतं. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो, म्हणून सुरुवात इथून करा
• ओळखीच्या दोन माणसांची पत्रं. नातेवाईक नकोत, शेजारी किंवा मुलांच्या शाळेतले शिक्षक चालतात

विवाह नोंदणी खूप जणांची झालेलीच नसते. लग्नपत्रिका आणि हॉलमधले फोटो चालत नाहीत. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ती आधी उरका.

६. गृहचौकशी

समाजकार्यकर्ते घरी येतात. पहिल्या भेटीआधी मी दोन दिवस घर घासत होते, नवे पडदे लावले, फराळाचं केलं. आलेल्या बाईंनी चहा घेतला, फराळाला हात लावला नाही आणि विचारलं, "मूल झोपणार कुठे? त्याचा कप्पा कोणता? तुमच्या मुलीला ही खोली वाटून घ्यायची आहे का, हे तिला विचारलंत?" मुलीला मी विचारलंच नव्हतं. आम्ही ठरवलं आणि तिला सांगितलं, एवढंच झालं होतं. दुसऱ्या भेटीआधी तिच्याशी नीट बोलले. ती आधी रडली, मग म्हणाली, खिडकीकडचा पलंग माझाच राहील. हे तिनं समाजकार्यकर्त्यांनाही सांगितलं आणि त्यांनी ते अहवालात लिहिलं.

घरातलं कर्ज, आजारपण, नवरा-बायकोतली जुनी भांडणं यांविषयी विचारतील. खरं सांगा. गृहकर्ज आहे म्हणून कुणी नाकारत नाही, पण लपवलेली गोष्ट नंतर शेजाऱ्यांकडून कळली तर विश्वास उडतो. कुटुंबाची क्षमता, इच्छा आणि मुलं सांभाळल्याचा अनुभव यांवर निवड व्हावी, असं कायदाच सांगतो. भाचे-पुतणे सांभाळलेत, शिकवण्या घेतल्यात, तर तेही सांगा.

७. समितीसमोर

बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. समितीला न्यायदंडाधिकाऱ्यांचे अधिकार आहेत, तरी ती खोली कोर्टासारखी नसते. मुलाला विचारल्याशिवाय समिती आदेश देत नाही. आदेशाआधी लेकराच्या आणि आमच्या दोन-तीन भेटी झाल्या, त्यात ते पहिल्या भेटीत एक शब्द बोललं नाही. घाई करू नका. भावंडं असतील तर त्यांना शक्यतो एकत्रच ठेवायचं असा नियम आहे, तेव्हा "आम्हाला एकच हवंय" म्हणण्याआधी दोघांचा विचार जमतो का ते बघा.

आदेश हातात पडला की तिथेच बसून वाचा. मुलाचं नाव, तुमचं नाव, मुदत कधीपासून कधीपर्यंत, भेटी कुणाच्या आणि किती. आमच्या आदेशात आडनावाचं एक अक्षर चुकलं होतं. मी म्हटलं, एवढ्याशासाठी काय थांबायचं. त्या एका अक्षरापायी बँक खातं उघडायला सहा आठवडे गेले आणि तोवर अनुदान थांबलं. आदेशासोबत तुमच्याकडून हमीपत्रही लिहून घेतात. त्याची प्रत मागून घ्या.

८. पैसे

प्रतिपालकत्वासाठी दर महिन्याला दर मुलामागे ४,००० रुपये मिळतात, जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत. ते मुलाच्या खर्चासाठी आहेत. वह्या, चप्पल, डॉक्टर, शाळेची सहल, सगळं एका वहीत तारखेनिशी लिहा. पावत्या मागच्या पानाला चिकटवा. पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील या भरवशावर राहू नका, उशीर होतो. ज्यांना त्या ४,००० शिवाय मुलाचं जेवण निघणार नाही, त्यांनी सध्या थांबावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

९. दर महिन्याची तपासणी

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

कायद्यानं प्रत्येक प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला तपासणी व्हायला हवी आणि ठरलेल्या नमुन्यात तिची नोंद व्हायला हवी. काळजीत कसूर दिसली तर मुलाला तिथून काढून दुसऱ्या कुटुंबात हलवता येतं. पहिल्या महिन्यात भेटीला आलेल्या बाई म्हणाल्या, "मला मुलाशी एकटीला बोलायचंय, तुम्ही जरा बाहेर थांबा." मी माझ्याच घराच्या जिन्यात उभी होते. मनात आलं, आम्ही काय त्याला मारतो का? इतकं करून हेच ऐकायचं?

दहा मिनिटांनी त्यांनी मला आत बोलावलं. लेकरू महिनाभर रात्री नीट झोपत नव्हतं. बालगृहात रात्रभर व्हरांड्यातला दिवा असायचा आणि आम्ही दहाला सगळे दिवे मालवायचो. ते अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहायचं. मला सांगितलं नाही, कारण "काकूंना वाईट वाटेल". बाहेरून आलेल्या माणसाला मात्र सांगता आलं. त्या रात्रीपासून बाथरूमचा दिवा चालू असतो.

त्यानंतर मी तपासणीच्या दिवशी आपणहून बाहेर जाते. भाजी आणते. तुमच्या घरी कुणी आलंच नाही, फोनवरच "सगळं ठीक ना?" विचारून नोंद झाली, तर "बरं झालं, सुटलो" म्हणू नका. संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवा की या महिन्याची भेट राहिली आहे. तुमच्याकडे सगळं चांगलं असेल. पण ज्या घरात नसेल, तिथल्या मुलाला ती दहा मिनिटंच आहेत. आपण भेटीचा आग्रह धरला तर भेटी सगळीकडे होत राहतील.

भेटीसाठी एक वही ठेवा: तारीख, कोण आलं, काय विचारलं, काय करायला सांगितलं. शाळेचं प्रगतिपुस्तक, लसीकरण, वजन-उंची त्यातच.

१०. शाळा, भाषा, नाव

वयाचा पुरावा नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायचा आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये तसं स्पष्ट आहे. समितीचा आदेश दाखवा, पण त्याची प्रत फक्त मुख्याध्यापकांकडे द्या, वर्गशिक्षकांच्या टेबलावर पडू देऊ नका.

शाळेत आपलं आडनाव लावू नका. मायेपोटी खूप जण लावतात. पुढे मूल परत गेलं तर प्रत्येक दाखला दुरुस्त करावा लागतो. शिवाय ते नाव त्याच्या आईबापांनी दिलेलं असतं आणि कित्येकदा त्याच्याकडे त्यांचं तेवढंच उरलेलं असतं.

सुरगाणा-पेठकडचं मूल कोकणा बोलत येईल, बागलाण-देवळ्याकडचं अहिराणी. "नीट बोल" म्हणू नका. त्यांचे चार शब्द तुम्हीच शिका, जेवणाचे आधी.

मुलाचे आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राची चौकशी ते १८ वर्षांचं होण्याच्या बरंच आधी करा. राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, ते या कागदावर मिळतं.

११. या चुका टाळा

फोटो. गणपतीत सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांचे फोटो पडतात. अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नं बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आम्ही ग्रुपच्या अॅडमिनना आधीच सांगून ठेवलं. शेजारणींना फक्त एवढंच सांगितलं, "पाहुणं आहे, काही दिवस राहणार आहे."

परस्पर मूल घेणं. वीटभट्टीवर, द्राक्षबागेच्या मजूर वस्तीवर, दवाखान्यात कुणी म्हणेल, "घेऊन जा, तुमच्याकडे सुखात राहील." नोटरीचा कागद करून मूल कायदेशीररीत्या तुमच्या ताब्यात येत नाही, आणि यात पैसे फिरले तर ती मुलाची खरेदी-विक्री, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. असं मूल दिसलं किंवा एकटं सापडलं, गोदाघाटावर, नाशिकरोड स्टेशनवर, कुठेही, तर १०९८ ला फोन करा. फोन चोवीस तास चालू असतो. सापडलेलं मूल २४ तासांच्या आत समितीसमोर हजर व्हायला हवं, प्रवासाचा वेळ वगळून. २०२७ च्या सिंहस्थात हे आपल्यापैकी अनेकांना करावं लागेल, नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.

न कळवता गाव बदलणं. दिवाळीला परजिल्ह्यात जायचं असलं तरी आम्ही आधी लेखी कळवतो.

१२. अडलं तर कुणाकडे

आधी संरक्षण अधिकारी, मग जिल्हा बाल संरक्षण अधिकारी. प्रत्येक वेळी अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा.

समितीच्या कामकाजाविषयीच तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. मूल स्वतः किंवा त्याच्याशी संबंधित कुणीही करू शकतं. समितीच्या कामाचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी घ्यायचा असतो. प्रतिपालकत्वाच्या आदेशाविरुद्ध अपीलही जिल्हाधिकाऱ्यांकडेच, ३० दिवसांच्या आत. इतर आदेशांचं अपील बाल न्यायालयात जातं. वकिलांनाही काही वेळा हा फरक माहीत नसतो आणि चुकीच्या दारात मुदत संपते. त्यापुढे नाशिकला महिला व बाल विकासचे विभागीय उपायुक्त, पुण्याला आयुक्तालय आणि मुंबईला राज्य बाल हक्क संरक्षण आयोग.

१३. परत जाताना

तारीख ठरली की मुलाला सांगा, आदल्या रात्री नको. कपडे पिशवीत कोंबून देऊ नका, स्वतःची बॅग द्या. वैद्यकीय कागद, लसीकरणाचं कार्ड, शाळेचे दाखले यांची मूळ प्रत त्याच्यासोबत, झेरॉक्स कक्षाकडे. बँकेचं पासबुकही.

आणि पहिल्या दिवसापासून एक अल्बम करत राहा, कागदावर छापलेल्या फोटोंचा. मोबाइलमधले फोटो तुमच्याकडे राहतात, त्याच्याकडे नाही. आमच्या अल्बमच्या पहिल्या पानावर त्याच्या आईचा फोटो आहे. बालगृहाच्या फाइलमधून समितीच्या परवानगीनं त्याची प्रत मिळाली. तो लावला त्या दिवशी लेकरानं अल्बम उशाशी घेतला आणि दिवा चालू असतानाच झोपून गेलं.